पत्र्यावरची मूठभर माती

अंकवाले सर म्हणाले, "रंजनाताई, तुमच्या कामाबद्दल लिहा, दिवाळीला छापू." मी म्हटलं, सर, आठवीत शाळा सुटली माझी, चुका होतील. ते म्हणाले, चुका आम्ही काढू. तर चुका त्यांनी काढल्या आहेत. वैताग मात्र माझा आहे, तो मी काढू दिलेला नाही.

माझं काम लोकांची घरं गार करायचं. ऐकायला किती छान वाटतं. करायला गेलं की भर उन्हात दुसऱ्याच्या पत्र्यावर चढायचं आणि खाली उतरून त्याच माणसाची समजूत घालायची. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की तात्या ओळखू येतील. ते अजून माझ्याशी बोलतात आणि ते बोलत राहावेत अशी माझी इच्छा आहे.

इथं पूर्वी माळवदाची घरं होती. लाकडांवर हातभर मातीचं छत, उन्हाळ्यात आत गार. ती पडली, त्यांच्या जागी पत्रे आले. चैत्र लागला की पत्र्याखालचा माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा होतो. कूलर लावा म्हणावं तर कूलरला पाणी लागतं, आणि नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेही आलं तर.

म्हणून नगरपंचायतीनं योजना काढली. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा लेप, पत्र्याखाली चंदेरी पडदा, जुन्याच्या जागी कमी वीज खाणारा पंखा. खर्च आधी नगरपंचायत करते. घरमालकानं तो घरपट्टीबरोबर थोडा थोडा करून काही वर्षांत फेडायचा. विजेचं बिल कमी येतं, त्यातच हप्ता बसावा असा हिशेब. हप्ता माणसावर नसतो, घरावर असतो. घर विकलं तर घेणाऱ्याकडं जातो. बस, एवढंच. हे एवढंच मी इतक्या ओट्यांवर बसून सांगितलं आहे की आता झोपेतही सांगते, असं माझा नवरा म्हणतो.

आणि पुढून काय येतं?

"म्हंजी घर नगरपंचायतीचं झालं."

"नाही हो मामा, घर तुमचंच."

"घरपट्टीत लिवलं म्हंजी झालंच की."

"घरपट्टी तर आत्ताही तुमच्या नावावर लिहिलेली आहे ना?"

"ती आमी भरतो कुठं!"

मी पाणी मागते, पिते, आणि पहिल्यापासून सुरू करते.

एक रिटायर कंडक्टर होते. सगळा जन्म परंडा-कुर्डुवाडी गाडीवर गेलेला. त्यांना नवा पंखा बसवून दिला. चार दिवसांनी पंखा धोतरात गुंडाळून घेऊन ऑफिसात हजर.

"ताई, वारा येतो. पर आवाज न्हाय."

"आवाज नाही हेच तर चांगलं ना काका."

"तुमाला चांगलं. आमाला गाडीच्या घरघरीशिवाय डोळा लागत न्हाय. मेल्यावानी पडून राहतो नुसता."

शेवटी त्यांनी दिवसा नवा आणि रात्री जुना अशी पंख्यांची पाळी लावली. बिल काही कमी झालं नाही. ते का झालं नाही, हे विचारायला ते अजूनही माझ्याचकडं येतात.

दुसरा एकजण तेरखेड्याला फटाक्याच्या कामाला जाणारा. त्याच्या घरात चंदेरी पडदा लावायला गेलो तर हा दारात आडवा. "ताई, ही चंदेरी भुकटी म्या रोज हातानं भरतो फटाक्यात. ती माझ्या चुलीवर टांगता व्हय?" मी म्हटलं, दादा, ही भुकटी नाही, पडदा आहे. तो म्हणाला, "भुकटी बी असल्याचीच करत्यात." हे काही मला ठाऊक नव्हतं. इंजिनिअर साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, भुकटी पेट घेते, हा पडदा तसा घेत नाही. त्याचं समाधान होईना. त्यानं एक तुकडा कापला, अंगणात दगडावर ठेवला, शेजाऱ्यांना भिंतीआड उभं केलं आणि लांब काडीला काकडा बांधून पेटवून पाहिलं. काहीच झालं नाही. शेजारी नाराज होऊन घरी गेले. एवढं जमवून आवाजसुद्धा झाला नाही म्हणून.

ही माणसं मला परवडली. मला खरं दमवलं ते आमच्याच घरानं. आमच्या म्हणजे जिथं मी भाड्यानं राहते त्या.

मी इथली नाही. माहेर भंडाऱ्याकडं, धानाच्या बांध्यांचं. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. रस्ता झाला, रोलर पुढं गेला, आम्ही इथंच थांबलो, कारण मला सातवा महिना होता आणि एवढ्या लांबचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ही रीत सगळीकडंच. मी मागच्या खोलीत बसून रडत होते, तर घरमालकीण काकू आल्या आणि म्हणाल्या, "माहेर लांब हाय तर लांब हाय. म्या हाय न्हवं?" त्यांनी मला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, माझ्या लेकराला न्हाऊ घातलं. वर माझ्या बोलण्याची नक्कलही केली. "काय करून राहिलीस गं रंजे? बसून राहिलीस का जेवून राहिलीस?" इतकं हसवायच्या की टाके दुखायचे.

त्यांचे मालक, आमचे काका, नगरपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. योजनेला घरोघर फिरणारी बाई पाहिजे, असं त्यांनीच मला येऊन सांगितलं आणि साहेबांकडं शब्दही टाकला. आठवीतल्या बाईला कोण काम देतो? अजूनही ऑफिसात कुणी "जरा इकडं या" म्हटलं की मी हातातलं टाकून धावते. वाटतं, आज काम काढून घेणार. काका हयात असताना मी त्यांना सांगितलं होतं, आधी आपल्याच पत्र्याला लेप देऊ. ते म्हणाले, "आधी गावाचं हू दे. न्हायतर लोक म्हणतील, पाणीवाल्यानं पयलं घरचं भिजवलं." गावाचं होता होता थंडीत काका गेले. छातीत कळ आली आणि गेले.

त्याच वर्षी त्यांची लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. दिवस वैशाखातले, खोली पत्र्याखालची, आणि बाळंतिणीला आपल्याकडं पंखा चालत नाही. वारं लागतं म्हणतात. कान बांधायचे, दार लावायचं, वर शेगडीचा शेक. हे सगळं माझंही झालं होतं, पण माझं थंडीत झालं होतं. वैशाखात त्या खोलीत बाई आणि तान्हं लेकरू कसं राहणार, या विचारानं मला आधीपासून घोर लागला होता. वारा न लागता खोली निवायची असेल तर एकच रस्ता, पत्र्यावरचा लेप. आणि तो लेप देणं हे माझंच काम! मला वाटलं, यात अवघड काय?

अवघड होते तात्या.

तात्या म्हणजे काकांचे थोरले भाऊ. समोरच्या बोळात स्लॅबच्या घरात राहतात. वाटणी कधी झालीच नाही, घर दोघा भावांच्या नावावर. त्यामुळं योजनेच्या कागदावर तात्यांची सही हवी. मी गेले. ते ओट्यावर बसून होते. काका गेल्यापासून त्यांनी तंबाखू सोडलेली, दाढी वाढवलेली.

"वरीस झाल्याबिगर घराला रंग न्हाय," तात्या म्हणाले.

इथं ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण करत नाहीत, घराला रंग देत नाहीत. मला माहीत होतं. आमच्याकडंही तसंच आहे.

"तात्या, हा रंग नाही. लेप आहे. ऊन परतवतो."

"डब्यात येतो का न्हाय?"

"येतो."

"बुरुसानं लावता का न्हाय?"

"लावतो."

"मग?"

मी परत पाणी मागितलं.

किती वेळा गेले असेन, मोजलं नाही. एकदा लेपाचा डबाच घेऊन गेले, त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाचतीस चांगलं." काकूंना म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर काकू म्हणाल्या, "भावजी म्हणत्यात ते खरं हाय गं. लोक काय म्हणतील? मालक जाऊन सा म्हैनं न्हाय झालं आन हिनं घर रंगवलं." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. ज्या बाईनं माझं बाळंतपण केलं तिच्यावर राग धरून बसले, आणि राग धरल्याचं वाईट वाटून परत रडले. असं सगळं चाललं होतं.

वैशाखात मनीषाला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली आणि दार लागलं. दुपारी मी आत गेले की बाहेर येईपर्यंत माझं पातळ अंगाला चिकटायचं. मी योजनेतला पंखा आणून बसवला, तर काकूंनी त्याच्या बटनावर फडकं बांधून ठेवलं. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकावीत तर पाणी प्यायलाच पुरेना. पोरीच्या गळ्यात, काखेत, पाठीवर घामोळं उठलं. रडायची, रडून रडून लाल व्हायची. मग रडणंही कमी झालं आणि दूध ओढेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाला उष्णता सोसत नाही, खोली थंड ठेवा, नाहीतर इथं आणून ठेवा. खोली थंड ठेवा! सांगायला काय जातं? मी तरी लोकांना दुसरं काय सांगत फिरत होते?

त्या दिवशी दुपारी काकू डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. काका गेल्यापासून त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून कधी मोठ्यानं शब्द काढला नव्हता. बोळ ओलांडून थेट तात्यांच्या ओट्यापुढं उभ्या राहिल्या. मी मागोमाग.

"भावजी, सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकली व्हती का न्हाय?"

माळवदावर दर साली पावसाआधी पांढऱ्या मातीचा थर द्यायचा असतो, नाहीतर ते गळतं. तात्यांनी मान वर केली.

"टाकली व्हती."

"कुणी?"

"म्या आन…" तात्या थांबले. भावाचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. "आमी दोघांनी."

"वरीस झालं व्हतं?"

"न्हाय."

"मग सासूबाईंचा दुखवटा कमी व्हता व्हय?"

"माती म्हंजी काय सण न्हवं," तात्या चिडून म्हणाले. "माळवद गळंल म्हणून टाकायची असती. ती माती व्हती. ह्यो डब्यातला रंग हाय."

"तवा घर गळत व्हतं. आता पोर भाजायलीय," काकू म्हणाल्या आणि वळून आत गेल्या.

तात्या उठून घरात गेले आणि त्यांनी दार लावलं. मी बोळात एकटी उभी. म्हटलं, संपलं. आता वर्ष होऊनही हा माणूस सही करत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दाराची कडी वाजली. तात्या. खांद्यावर घमेलं, घमेल्यात पांढरी माती. गावाबाहेरच्या जुन्या खाणीतून, जिथून पूर्वी माळवदासाठी माती आणायचे, तिथून एवढ्या सकाळी जाऊन आणलेली. "कुठं सही करायची?" म्हणाले. मी कागद पुढं केला. सही झाली. मी म्हटलं, नऊ वाजता माझी माणसं येतील, दोन तासांत काम होईल.

"तुझी माणसं न्हाय. माती घरच्यांनी टाकायची असती."

"अहो तात्या, नियम आहे. यादीतल्याच कामगारानं…"

"तू हायस की यादीत."

मग माझ्याकडं बघत काकूंना म्हणाले, "आन ही घरची हाय का?"

काकू चुलीपुढून म्हणाल्या, "हिचं बाळंतपण ह्या घरात झालंय, भावजी."

तात्यांनी मान हलवली. एवढ्यावर तो प्रश्न मिटला. मला मात्र पदरानं डोळे पुसावे लागले, तेवढ्यात एक गोष्ट बघायची राहून गेली. मी लेपाचा डबा फोडून बादलीत ओतला होता. तात्यांनी घमेल्यातली मूठ भरली आणि बादलीत टाकली.

"तात्या! काय करून राहिले!" मी ओरडले. घाबरले की माझं भंडारा बाहेर येतं.

"आता ही माती झाली," तात्या शांतपणे म्हणाले.

तो लेप काय भावानं येतो ते मला ठाऊक. त्यात माती गेली तर तो धरेल की पोपडे निघतील, कंपनी हात वर करेल, साहेब तपासायला येतील, माझी नोकरी. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं. "अहो, कचरा होईल त्याचा!" तात्यांनी काठी घेऊन ढवळायला सुरुवात केली. "चाळून आणलीय," म्हणाले. खरंच, पिठासारखी होती.

वर मी, माझा नवरा आणि तात्या. पत्र्यावर चालताना खिळ्यांच्या ओळीवरून चालायचं असतं, खाली लोखंड असतं, तिथं वजन पेलतं. हे मी तात्यांना तीनदा सांगितलं. ते माळवदावर चालल्यासारखे बेधडक मधून चालले. पत्रा धाडकन वाजला, खाली पोर दचकून उठली, मनीषा ओरडली, काकू ओरडल्या, आणि तात्या वरून काकूंवर ओरडले, "गप बसा, काम चाललंय!" ब्रशला हात लावायला तयार नाहीत. शिंदीचा झाडू घेतला आणि जुन्या मातीवर हात फिरवावा तसा लेप फिरवत गेले. दर नव्या बादलीत एक मूठ. मी नको म्हणायचं सोडून दिलं. ऊन चढायच्या आत पत्रा पांढरा झाला. दुसरा हात दुसऱ्या पहाटे.

गारेगार वगैरे काही झालं नाही. मी इथं योजनेची जाहिरात करत नाहीये. पण त्या दुपारी काकूंनी मला आत बोलावलं. दार तसंच बंद, अंधार तसाच. डोक्यावर कुणी तवा धरलाय असं जे वाटायचं, ते मात्र नव्हतं. मनीषानं कानाचा रुमाल सैल केला होता. पोर झोपली होती, तोंड उघडं टाकून. उठली तेव्हा दूध प्यायली. पुढच्या आठवड्यात घामोळं सुकायला लागलं. तात्या रोज दुपारी दाराबाहेर येऊन उभे राहायचे. "निजली का?" एवढंच विचारायचे आणि जायचे.

साहेब तपासायला आले. पत्र्यावर हात फिरवून म्हणाले, "हे खरखरीत का लागतंय?" मी खरं ते सांगून टाकलं. खोटं बोलायला गेलं की मला पुढचं वाक्य सुचत नाही. साहेबांनी नखानं खरवडून पाहिलं, मग चावीनं. "धरलंय तर," म्हणाले. "पण परत असं करू नका. कंपनीच्या नियमात माती नाही."

परत करू नका! आठवड्यात एक बाई दारात. सासू फाल्गुनात गेलेली. "ताई, आमाला ते मातीचं द्या. काकूंच्या घराला दिलं ते." मी म्हटलं, मातीचं असं काही नसतं. "मग आमाला बी वरीसभर न्हाय जमायचं," म्हणून ती निघाली. मी तिला परत बोलावलं. आता माझ्या गाडीच्या डिकीत चाळलेल्या मातीची पिशवी असते. साहेबांना माहीत आहे. ते डिकीकडं बघत नाहीत आणि मी ती त्यांच्यासमोर उघडत नाही. जिथं दुखवटा नाही तिथंही एखादी म्हातारी विचारते, "त्यात माती घातली का? मग टिकतंय म्हणं." टिकण्याचा आणि मातीचा काही संबंध नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे.

मार्गशीर्षात काकांचं वर्षश्राद्ध झालं. मनीषा आली होती, पोर घरभर रांगत होती. सकाळीच तात्या आले. दाढी केलेली. मला हाक मारली.

"रंजे, आता रंग दे."

"कसला रंग?"

"घराचा. वरीस झालं."

"तात्या, लेप दिलाय की. अजून काही वर्षं बघायला नको."

"ती माती हाय. रंग अजून द्यायचाय."

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाला रंग लावू द्या म्हणून मी चपला झिजवल्या, त्याच माणसाला आता लावू नका म्हणून समजवायची वेळ माझ्यावर आली. सांगितलं, एका घराला योजना दोनदा मिळत नाही. सांगितलं, गरज नाही, उगाच वाया जाईल. तात्या ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "वरीसभर म्या कशापायी थांबलो मग?"

मी आमच्या खोलीत जाऊन खाटेखाली पाहिलं. दुसऱ्या कामातला एका डब्याचा तळ उरला होता, एका पत्र्यापुरता. तो आणि ब्रश घेऊन बाहेर आले. म्हटलं, "एवढाच आहे. कुठला पत्रा?"

तात्यांनी वर बोट केलं. कोपऱ्यातला, ज्याच्याखाली काकांची खाट असायची. आता तिथं मनीषाच्या पोरीची झोळी बांधलेली होती. शिडीवर चढताना त्यांनी या वेळी ब्रश मागून घेतला. मी सवयीनं गाडीकडं वळले, डिकी उघडली आणि पिशवीत हात घातला. तसे ते शिडीवरूनच ओरडले,

"ह्यात माती घालू नकोस बरं."